उजव्या दाराची काच

वाघ रस्त्यावर बसून होता अन् माझ्या बाजूची काच वर चढून नाई राह्यली होती. इथूनच सुरू करते, कारण पुढचं सगळं लफडं ह्याच सकाळचं आहे.

वाघाचं तुमाले नवल वाटत असन, आमाले नाई. मूल गावाच्या पुढे सिंदेवाहीच्या अंगानं जंगल लागते, तिथं एक वळण आहे, थंडीत सकाळचं पहिलं ऊन त्याच वळणावर पडते. तो येऊन बसते. मंग इकडच्या गाड्या इकडे थांबतात, तिकडच्या तिकडे. कोणी हॉर्न मारत नाई. सगळे काचा वर करतात, मोबाईल काढतात अन् त्याची मर्जी होयेपर्यंत गुपचूप बसतात.

मी पण थांबली. आमची गाडी जुनी, काच बटनावर नाई, हॅंडल फिरवून वर करायची. हॅंडल पकडलं, फिरवलं. हललंच नाई. दोन्ही हातानं जोर लावला. काच दारात पार खाली जाऊन बसलेली, टस की मस नाई. आदल्या दिवशी दुपारी मीच खाली केली होती, तेव्हा अशी लोण्यावानी गेली होती!

"काच लाव ना वो," आई हळूच म्हणली.

"लागून नाई राह्यली."

"काऊन?"

"मले का माहीत काऊन!"

आईनं जास्त विचार नाई केला. मागच्या सीटवरची वाळल्या मिरच्याची चुंगडी, म्हणजे पोतं, ओढली, माझ्या मांडीवरून ढकलत नेली अन् खिडकीत कोंबली. मी चुंगडीच्या मागं दबलेली, नाकात मिरच्याचा खकाणा, शिंक येऊन राह्यली अन् शिंकायची हिंमत नाई.

"आई, वाघ मिरची खाते का?"

"खात नाई म्हणूनच लावली."

वाघानं आमच्याकडे पायलं पण नाई. उठला, अंग ताणलं, झुडपात गेला. पण बाजूले येऊन थांबलेल्या एसटीतल्या कोणीतरी व्हिडिओ काढलाच. त्या व्हिडिओत वाघ एवढासा दिसते अन् आमची गाडी मोठी दिसते, खिडकीत लाल मिरच्याची चुंगडी, अन् चुंगडीच्या वर माझे दोन डोळे. संध्याकाळपर्यंत तो सगळ्या ग्रुपवर फिरला. मले माझ्याच मैत्रिणीनं पाठवला, खाली हसून हसून रडायचे चेहरे.

अन् तो व्हिडिओ मोठेबाबांनी पायला.

मोठेबाबा म्हणजे माझ्या बाबाचे मोठे भाऊ. आमच्या मागच्याच घरात राहतात. बाबा त्याइले दादा म्हणतात अन् त्याइच्या शब्दापुढे तोपर्यंत कधी गेले नव्हते. मोठेबाबा म्हणले धान ह्या मिलले घाल, तं बाबांनी त्याच मिलले घातलं. मोठेबाबा म्हणले बैलबंडी विकून टाक, गाडी घे, भाड्यानं चालव, तं बाबांनी ही गाडी घेतली. सेकंड हॅंड, पांढरी, चंद्रपूरच्या एका ठेकेदाराची. बाबांनी ती लग्नाच्या भाड्याले लय चालवली. मंग बाबाचे गुडघे गेले, क्लच दाबता येईना, गाडी उभी राह्यली.

उभी गाडी मी उचलली. धान कापून झाल्यावर बांधी रिकामी होते ना, त्या बांधीत शिकली मी. धुरा, म्हणजे बांध, आला की ब्रेक. लायसन पण काढलं. अन् आठवडी बाजार धरले. मी मोबाईलचं दुकान लावते बाजारात, एक फोल्डिंगचा टेबल, वर कव्हर, चार्जर, इअरफोन, अन् मुख्य म्हणजे स्क्रीनले काच लावून देते. एक पण बुडबुडा राहत नाई माझ्या काचेखाली, कोणालेही विचारा. चार्जिंगची पिन पण बदलते. आई बाजूले मिरच्या घेऊन बसते. ज्या गावचे बाजार मी धरले, तिथी एसटी सकाळी एकदा जाते अन् तिच्यात टेबल घेऊन कोणी चढू देत नाई. म्हणून सरळ हिशोब आहे, गाडी गेली की माझा बाजार गेला. मंग मी घरी बसीन अन् पाहुणे पाहाले येतील. ते मले मंजूर नव्हतं. आजही नाई.

तं मोठेबाबा आले. बाबा बाजेवर बसून होते. मोठेबाबांनी मोबाईल त्याइच्या समोर धरला.

"हे पाह्य. अख्ख्या तालुक्यानं पायलं. आपल्या घरची इज्जत चुंगडीच्या मागं बसून हाये."

बाबांनी व्हिडिओ पायला अन् मोबाईल परत देला.

"नागभीडचा एक माणूस हाये माझ्या ओळखीचा. जुन्या गाड्या घेते. येत्या बाजाराच्या दिवशी सकाळी त्याले घेऊन येतो. विकून टाकू."

"बाजाराच्या दिवशी मी जात असते," मी म्हणली.

"त्या दिवशी नाई जाशीन."

"काऊन विकायची पण?"

"काऊन? काच लागत नाई, रस्त्यात वाघ हाये, अन् पोट्टी विचारते काऊन!"

"अन् काच लागली तं?"

मोठेबाबा हसले. चप्पल पायात सरकवता सरकवता म्हणले, "लागू दे आधी. मंग बोल."

मी ते पकडून ठेवलं. काच लागली तं बोलायचं. ठीक आहे, बोलू!

दुसऱ्याच दिवशी जेवून गॅरेजले गेली. तिथले मिस्त्रीभाऊ ट्रॅक्टरच्या खालून बाहेर आले, हात पुसले, दार उघडलं, एका बोटानं हॅंडल फिरवलं. काच सर्रकन वर. सर्रकन खाली.

"चालू तं हाये वो बाई. काय झालं हिले?"

"सकाळी चालू नव्हती ना!"

"सकाळी तू घाबरली असशीन. वाघ पाहून हात कापले असतील." अन् बाजूच्या टायरवाल्याले ओरडून सांगतलं, "हे चुंगडीवाली आली पाह्य रे!"

आता हेच माझं नाव झालं होतं, चुंगडीवाली. मी गाडी घेऊन आली. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या अंगणात गेली, हॅंडल फिरवलं. जाम! दगड! पुन्हा दुपारी गॅरेजले. पुन्हा एका बोटानं सर्रकन. मिस्त्रीभाऊ म्हणले, "गाडी तुझ्यावर रुसली, माझ्यावर खूश हाये. इथीच ठेवून जा." सगळे खी खी. मले असा राग आला ना, की तिसऱ्या दिवशी सकाळी थंडीत मी पाय दारावर टेकवला, दोन्ही हातानं हॅंडल धरलं अन् अंगातला सगळा जोर लावला. आतमध्ये कट्ट झालं. काच एका बाजूनं वाकडी झाली अन् गपकन दाराच्या आत पडली.

आई चुलीजवळून ओरडली, "काय तोडलं वो?"

"काच तोडली नाई. आतलं काईतरी तुटलं."

आता मात्र गॅरेजले मिस्त्रीभाऊंनी नीट पायलं. दारावर कान लावून हॅंडल फिरवलं, आत नुसतं खडखड. म्हणले, "काचेची मशीन गेली. ह्या मॉडेलची मशीन येत नाई आता. नागपूरले भंगारात भेटली तं भेटली. अन् खरं सांगू का? बाबाले म्हण, गाडीच काढून टाका." मंग जरा थांबून, "अन् पुढच्या वेळी घरचा कोणी माणूस पाठवत जा बाई, समजवाले बरं पडते."

मले समजते! हे मी तोंडानं नाई म्हणली, पण घरी येईपर्यंत गाडीत एकटीच मोठ्यानं म्हणत आली. मले समजते, मले समजते! मोबाईल उघडून आतली केसावानी बारीक पट्टी मी जोडते, अन् एवढं मोठं दार मले समजणार नाई?

बाजार दोन दिवसावर आला होता. मी अंगणात चादर अंथरली, गाडीचं दार उघडं टाकलं, अन् माझी मोबाईलची सगळी हत्यारं मांडली. आई म्हणली, "ह्या दातकोरण्यानं दार उघडशीन?"

"पाहतच राह्य तू."

पहिली अडचण हॅंडलची. ते काढल्याशिवाय दाराचा आतला पुठ्ठा, पॅड म्हणतात त्याले, तो निघत नाई. अन् हॅंडलले स्क्रूच दिसेना! फोनवर व्हिडिओ पायले. एकात कोणीतरी हॅंडलच्या मागं जुनं फडकं घालून, जोडे पुसतात तसं इकडून तिकडे घासून राह्यलं होतं. मी पण घातलं आईच्या जुन्या लुगड्याचं फडकं. घासलं. आणखी घासलं. टणकन एक क्लिप उडाली, बाबाच्या बाजेखाली गेली. हॅंडल हातात!

"निघालं!" मी असं ओरडली की कोंबड्या पळाल्या.

बाबा बाजेवरून पाहत होते. क्लिप त्याइनीच वाकून उचलली, माझ्या हातात देली. तोंड कसंनुसं केलं. मले तेव्हा वाटलं गुडघे दुखत असतील.

मंग पॅड. त्याच्या मागं चारी बाजूले प्लास्टिकचे खटके असतात. स्क्रू-ड्रायव्हर घातला असता तं पत्र्याले ओरखडे अन् खटके तुटले असते. मी मोबाईलचं मागचं झाकण उचकटायची प्लास्टिकची पट्टी घातली. तीच दातकोरणी! सरकवत गेली, टक, टक, टक, सगळे निघाले, एक पण तुटला नाई. आईकडे पायलं. आई म्हणली, "बरं बरं, पुढचं कर."

पॅड बाजूले ठेवला. त्याच्या मागं प्लास्टिकचा कागद चिटकवलेला होता, तो सोलला. अन् वास आला.

असा वास की मी मागं सरकली. गाडीचा नाई, ग्रीसचा नाई. कडवट, जुना, डोक्यात चढणारा. दाराच्या आत पायलं तं काच ज्या रबरातून वरखाली होते ते रबर, मशीनचे दाते, लोखंडाचा दांडा, सगळ्यावर पिवळंपांढरं काईतरी थिजलेलं, त्याच्यात धूळ बसलेली, पुरणावानी घट्ट. बोटानं उकरलं तं नखात गेलं.

"हे का होये वो आई?"

आईनं माझं बोट धरलं अन् नाकापाशी नेलं. मंग हळूहळू मान वळवली अन् बाबाकडे पायलं.

"हे तं टोरीचं तेल हाये."

ज्याले माहीत नाई त्याले सांगते. मोहाच्या फळातली बी असते ना, तिले आमच्याकडे टोरी म्हणतात. तिचं तेल काढतात. आमच्या लहानपणी तळण पण त्याच्यातच, अन् पायाले भेगा पडल्या तं तेच. उन्हाळ्यात पाण्यावानी पातळ असते. अन् थंडी पडली की तुपावानी थिजते. आई हिवाळ्यात ती बाटली चुलीजवळ ठेवते, नाई तं उलटी केली तरी थेंब पडत नाई.

आता तुमी समजले असान. सकाळी दगड, दुपारी लोणी! गाडी माझ्यावर रुसली नव्हती, माझे हात कापले नव्हते. दारात तेल थिजून होतं. सकाळच्या थंडीत काच त्याच्यात रुतून बसे, दुपारी उन्हात दार तापलं की सुटे. अन् मी गॅरेजले दरवेळी दुपारी गेली!

"तुमीच टाकलं ना हे?" आईनं विचारलं.

बाबा सुपारी कातरत होते. कातरतच राह्यले.

"मी तुमाले विचारून राह्यली."

"दसऱ्याले टाकलं थोडं," बाबा म्हणले.

"थोडं? पावभर हाये आत!"

"दर दसऱ्याले थोडं थोडं. काच कुईकुई करे ना. बंडीच्या आखाले काय लावत होतो आपण? हेच लावत होतो. बंडी कधी अडकली का? सांग ना, कधी अडकली?"

तं असं होतं ते. आमच्याकडे दसऱ्याले अवजारं धुतात, पुजतात, तेलपाणी करतात. बंडी होती तोपर्यंत बाबा तिचा आख टोरीच्या तेलानं माखत. बंडी गेली, गाडी आली, पण दसरा तं तोच! बाबा गाडी धुवत, झेंडूचा हार घालत, अन् मंग चमच्यानं काचेच्या फटीतून, दाराच्या बिजागरीतून, जिथी जाईल तिथी तेल सोडत. मी दरवर्षी पाहत होती अन् मले वाटे पूजा करून राह्यले.

"बंडीचा आख फिरून फिरून गरम होते बाबा!" मी म्हणली. "काच कुठी फिरते?"

"मी चालवत होतो तेव्हा तं कधी अडकली नाई."

"तुमी हिवाळ्यात काच उघडतच नव्हते," आई म्हणली. "मफलर बांधून, काचा लावून, बिडीचा धूर आत. मी मरून जात होती मागं बसून. उघडा म्हणलं तं उघडली का कधी?"

बाबांनी सुपारी तोंडात टाकली अन् दुसरीकडे पायलं. मले हसू येऊन राह्यलं होतं अन् राग पण. पण सगळ्यात जास्त, काय सांगू, मस्त वाटून राह्यलं होतं! कारण आता मले माहीत होतं. गॅरेजले माहीत नाई, मोठेबाबाले माहीत नाई, मले माहीत आहे.

आईनं मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, पाणी तापवलं. मी गरम पाण्यात फडके बुडवून पिळून पिळून दाराच्या आत शेकत गेली, तेल पघळलं की पुसायचं, पुन्हा शेकायचं. आईनं चुलीतली राख चाळून देली, त्या राखेनं मी रबर घासलं. दाराच्या आत हात जायची जागा एवढीशी असते, पत्र्याची धार लागते. माझा हात जाते. मिस्त्रीभाऊंचा मनगटापाशीच अटकला असता. कोपरापर्यंत ओरखडे आले, वास तं पुढं कितीतरी दिवस गेला नाई, बाजारात एक बाई माझ्याकडून कव्हर घेता घेता म्हणली, तू मोहाचं तेल विकते का वो?

सगळं साफ झाल्यावर तुटलेलं सापडलं. मशीनच्या दांड्याच्या टोकाले एक प्लास्टिकची गुंडी असते, सुपारीएवढी. काचेच्या खालच्या पट्टीत ती गुंडी सरकते अन् काच वर उचलल्या जाते. तिचे दोन तुकडे झाले होते. तेच ते कट्ट. बाकी मशीन ठीकठाक. एवढ्याशा गुंडीसाठी म्हणे गाडी काढून टाका!

मी तुकडे तळहातावर घेऊन बसली. फेव्हिक्विक लावून पायलं, टिकलं नाई. बाटलीचं झाकण कापून पायलं, चेपलं. मोबाईलच्या पेटीत असं काईच नव्हतं. ऊन उतरून राह्यलं होतं.

बाबा बाजेवरून उठले. तुकडे माझ्या हातातून घेतले, जोडून पायले, डोळ्याजवळ नेले. घराच्या मागं गेले. तिथी बंडीचं एक मोडकं चाक अजून टेकवून ठेवलेलं आहे, विकलं नाई, जाळलं पण नाई. करवतीचा आवाज आला. मंग लय वेळ कानसीचा आवाज. आले तेव्हा त्याइच्या हातात लाकडाची एक गुंडी होती, काळपट, गुळगुळीत, मधात भोक पाडलेली.

"तिवसाचं लाकूड हाये," बाबा म्हणले. "झिजत नाई."

मी बसवली. पिन घातली. बरोबर बसली! काचेची पट्टी तिच्यावर चढवली, आईनं दोन्ही तळव्यानं वरून काच धरली. मी हॅंडल नुसतं टेकवून फिरवलं. काच वर निघाली. वर, वर, पार वर. एका जागी टक वाजलं अन् गेली. मंग खाली. पुन्हा टक. पुन्हा वर!

"अजून थोडी जड जाऊन राह्यली," बाबा म्हणले. "तेल लावू का जरासं?"

"नाई!" मी अन् आई एकदमच.

आईनं आतून तिचा तोंडाले लावायचा पावडरचा डब्बा आणला अन् रबराच्या खाचेत पावडर सोडली. आता काच अशी जाये की बोट लागाले नको. गाडीले लग्नातल्या करवलीचा वास येऊन राह्यला होता.

बाजाराचा दिवस. मी मुद्दाम सकाळी लवकर उठली, धुकं होतं, थंडी अशी की तोंडातून वाफ. पहिलं जाऊन हॅंडल फिरवलं. टक, अन् वर. थंडीत! बस, मंग मी टेबल बांधला, पेटी ठेवली, मिरच्याच्या चुंगड्या डिक्कीत टाकल्या.

मोठेबाबा आले. सोबत नागभीडचा तो माणूस, पांढरे बूट घालून. गाडीभोवती फिरला, टायरले बूट मारला, बोनेट उघडलं, बंद केलं. मंग म्हणते, "हेच का ते काच?"

मी दार उघडलं, हॅंडलकडे हात केला. त्यानं फिरवलं. वर. खाली. वर. त्याचा चेहराच खुलला.

"मस्त हाये ना! माझ्या नवीन गाडीची नाई चालत अशी. भाऊजी, तुमी तं म्हणले काच गेली."

मी मोठेबाबाकडे पायलं. माझी छाती अशी फुगली होती. म्हणली, "लागली काच. तुमी म्हणले होते ना, लागू दे आधी, मंग बोल. तं बोलते आता. गाडी विकायची नाई."

मोठेबाबांनी माझ्याकडे पायलं पण नाई. त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवला. "चांगलं झालं. आता भाव पण चांगला येईन."

मी तिथीच उभी. दिवसभर दारात हात घालून, ओरखडे खाऊन, मी काय केलं? मी त्याइच्यासाठी गाडी सजवून ठेवली! गिऱ्हाईकाले आवडावी म्हणून!

"पण तुमी म्हणले होते, काच लागत नाई म्हणून विकायची!"

"मी म्हणलं लागू दे. लागली. बरं केलं. आता चावी दे अन् आत जा, चहा ठेव पाहुण्याले."

तेव्हा मले कळलं की काचेचं काई नव्हतंच. काच लागली असती तं टायर असतं, टायर चांगलं असतं तं पोरीची जात असती. मी काच दुरुस्त करत बसली अन् अडकलेलं तं दुसरंच होतं. ते राखेनं घासून निघणारं नव्हतं.

चावी माझ्या मुठीत होती. मी म्हणली, "चहा आई ठेवते बाकीच्या दिवशी. आज आईचा बाजार आहे. आई, बस."

आई बसली! पदर खोचला, दुसऱ्या बाजूनं आली अन् बसली. मी बसली. दार लावलं. मोठेबाबा खिडकीशी आले, खाली वाकले, बोट आत घालून बोलाले लागले, "पोट्टे, तू कोणासमोर..."

मी हॅंडल फिरवाले लागली. हळूहळू. काच वर येऊन राह्यली. मोठेबाबांनी बोट मागं घेतलं. टक वाजलं. काच पार वर लागली अन् त्याइचा आवाज बाहेरच राह्यला. तोंड हलून राह्यलं, हात हलून राह्यले, मले ऐकू येऊन राह्यला फक्त आईच्या बांगड्यांचा आवाज, कारण आई पदर पुन्हा घट्ट खोचून राह्यली होती. मी चावी फिरवली.

गाडी सुरू झाली, पण निघाली नाई. आमच्या गाडीचा हॅंडब्रेक ढिला आहे, अंगणाले उतार आहे, म्हणून पुढच्या चाकाले एक मोठा दगड लावून ठेवतो. तो रोज बाबाच काढतात. मी दगड विसरूनच गेली होती.

बाबा बाजेवरून उठले. मोठेबाबा त्याइच्याकडे वळले, काईतरी बोलले, गाडीकडे हात केला. बाबा ऐकून घेत राह्यले, मान खाली घालून, नेहमी ऐकतात तसेच. मले वाटलं, झालं. आता बाबा येतील, काचेवर टकटक करतील, चावी मागतील. अन् बाबांनी मागितली असती तं मी देली असती का? माहीत नाई. खरंच माहीत नाई.

मी काच बोटभर खाली केली, ऐकाले.

"दादा," बाबा म्हणत होते, "तिच्या बाजाराचा टाइम होऊन राह्यला."

एवढंच. मंग गुडघ्यावर हात ठेवून वाकले, वाकताना लय दुखते त्याइले, अन् दोन्ही हातानं दगड ओढून बाजूले केला.

मी गाडी काढली. आरशात तो पांढऱ्या बुटाचा माणूस दिसला, मोठेबाबाले काईतरी विचारत होता, अन् बाबा तो दगड घरावरच्या वेलीच्या बुडाशी ठेवून राह्यले होते, जसं काई आज दुसरं काई झालंच नाई.

जंगल लागलं. ते वळण आलं. ऊन पडलं होतं, वाघ नव्हता. एक भाऊ सायकल धरून उभा होता, मले ओळखून हसला, मोठ्यानं ओरडला, "चुंगडी कुठी हाये वो?"

मी काच पूर्ण खाली केली अन् ओरडली, "डिक्कीत!"

"लाव आता, थंडी वाजून राह्यली," आई म्हणली.

मी लावली. मंग पुन्हा उघडली. मंग पुन्हा लावली.

"अवो, का लावलं हे वरखाली?"

"काई नाई. पाहून राह्यली."

घरी मोठेबाबा माझ्याशी अजून बोलत नाईत. बाबांशी बोलतात, पण गाडीचं नाव काढत नाईत. ह्या दसऱ्याले बाबांनी गाडी धुतली, हार घातला अन् तेलाची बाटली घेऊन उभे राह्यले. मी समोर पावडरचा डब्बा घेऊन उभी राह्यली. त्याइनी बाटली परत नेऊन ठेवली.

गॅरेजच्या मिस्त्रीभाऊंनी मागच्या महिन्यात टायर बदलताना काच चालवून पायली. वर जाताना ती मधात अजूनही टक करते, कारण हातानं कानसलेली गुंडी किती केली तरी पूर्ण गोल नसते. म्हणले, "नागपूरहून मशीन भेटली मले, ह्याच मॉडेलची. बदलून देऊ का? आवाज जाईन."

"नाई," मी म्हणली. "तुमी टायरच पाहा."